हरताळ पडला की मोगरा हलायचा

लालबागच्या चाळीत तळमजल्यावरची कोपऱ्यातली खोली आमची. तिच्या मागे कंपाउंडच्या भिंतीपर्यंत जमिनीचा एक पट्टा होता. दोन खाटा टाकल्या तर तिसरीला जागा नाही, एवढा. पण आमचे हे त्याला ‘बाग’ म्हणत, आणि आवाज असा लावत की ऐकणाऱ्याला मध्यभागी कारंजं दिसावं!

हे एका गिरणीत यंत्रांचे नकाशे काढायचे. ते दिवस संयुक्त महाराष्ट्राचे. हरताळ पडला की गिरणी बंद, आणि घरी बसलं की यांचे हात शिवशिवायला लागत. खोलीला दारं दोन. पुढच्या दाराने गेलं की नाका. तिथे घोषणा, अश्रुधूर आणि कधी कधी गोळीसुद्धा. मागच्या दाराने गेलं की बाग. माझं लग्न होऊन वर्षही झालं नव्हतं. हे मागच्या दाराने जावेत म्हणून मी सकाळपासून देव पाण्यात घालून बसायची. चहा हातात द्यायची तोही मागच्या उंबऱ्यावर.

हे जायचे, खणायचे. मागच्या हरताळाला भिंतीकडे गेलेली अबोली या हरताळाला दाराशी यायची. तगर उजवीकडून डावीकडे. ट्रेसिंग पेपरवर नवा आराखडा, तोंडात पेन्सिल, आणि कुदळ. बागेत सुखाने एका जागी राहिली ती फक्त तुळस, कारण तिला हात लावायची यांची छाती नव्हती.

सगळ्यात हाल मोगऱ्याचे. माहेराहून, वेंगुर्ल्याहून, ओल्या फडक्यात गुंडाळून मी त्याची फांदी आणली होती. जीव धरला, पानं फुटली, की पडलाच हरताळ! उपटला मोगरा, लावला दुसरीकडे. पुन्हा मान टाकायचा, पुन्हा उभा राहायचा. कळी म्हणून धरेना.

“अहो, त्याला एकदा बसू द्या हो,” मी म्हणायची.

“अगं, इथे तोल जातो. डावी बाजू जड दिसते.”

“मोगराच आहे तो, इंजिन नव्हे.”

ऐकतील तर शपथ!

मग मीच एक नाटक केलं. हे कामावर गेल्यावर चाळीच्या अंगणातला एक गोल दगड घासला, तेलात कालवून शेंदूर फासला आणि मोगऱ्याच्या बुंध्याशी टेकवला. वर दोन तगरीची फुलं. मागे होऊन पाहिलं, तर माझेच हात जोडले गेले!

पहिली फसली ती वरच्या मजल्यावरची मालवणी काकी. ती रोज मासळी धुतलेलं पाणी माझ्या झाडांना आणून घालायची; मोगऱ्याला ते फार मानवायचं. डबा घेऊन आली आणि जागीच थिजली.

“अगो बाय! हयसर देव कधी इलो?”

“खणताना वर आला, काकी.”

तिने मासळीचं पाणी तसंच उचलून परत नेलं आणि दुसऱ्या दिवशी नारळ घेऊन आली. म्हणजे मोगऱ्याला जागा मिळाली, पण त्याचं जेवण बंद! असो. देव झाल्यावर उपास आलेच.

संध्याकाळी हे आले. देवबिव न मानणारा माणूस, पण वहाणा काढून चार हात लांब उभे राहिले.

“ही सगळी माती मी चाळून काढली होती. हा दगड नव्हता.”

“देवाला चाळणी आडवी येते होय?”

माझ्याकडे रोखून पाहिलं. मी पदर डोक्यावरून घेतला. हसू लपवायला पदरासारखी सोय नाही.

त्यानंतर यांनी देव मध्ये धरून नवा आराखडा काढला आणि तो इतका नेटका जमला की बागेत हलवायला काही उरलं नाही. मोगऱ्याला कळ्या धरल्या. मी अगदी हरखून गेले!

आणि हरताळ पडला.

सकाळी हे मागे गेले, बाग पाहिली, परत आले. पुन्हा गेले. एक वाळकं पान खुडलं. आत येऊन खाटेवर बसले, उठले. नाक्यावरून घोषणांचा आवाज वाढत होता. तव्यावरच्या पोळीचा कधी कोळसा झाला, कळलं नाही. पाहते तर यांनी खुंटीवरचा सदरा अंगात घातलेला.

“जरा नाक्यापर्यंत जाऊन येतो.”

पोलिसांची गाडी गेल्याचा आवाज आला.

“अहो,” मी म्हटलं, “मला वाटतं मोगऱ्याला तिथे ऊन कमी पडतं.”

हे बटण लावता लावता थांबले. “कळ्या धरल्यात की त्याला.”

“धरल्यात, पण डावी बाजू जड दिसते.”

“आणि देव?”

मी मागे गेले, दोन्ही हातांनी दगड उचलला आणि तुळशीजवळ ठेवला. हाताला शेंदूर लागला तो पदराला पुसला. हे मागच्या दारात येऊन उभे होते. एकदा नाक्याच्या दिशेने पाहिलं, एकदा माझ्याकडे. मग सदऱ्याची बटणं सोडली आणि कुदळ घेतली.

“कुठे नेऊ? भिंतीकडे की दाराकडे?”

“आधी भिंतीकडे,” मी म्हटलं. “नाही बरं दिसलं तर दाराकडे.”