आयेसाठी उंच केलेली जीप

गॅरेजमध्ये किस्से साठतात ते जुन्या नटबोल्टांसारखे. कोणी मुद्दाम जमवत नाही, पण फेकवतही नाहीत. ऐंशीच्या दशकात रत्नागिरीत साळवी स्टॉपच्या अलीकडे दिगू मिस्त्रीचं गॅरेज होतं. ऑफिस सुटलं की माझी सायकल आपोआप तिकडे वळायची. मी ओव्हरसीअर, म्हणजे रस्त्यांचा माणूस. बाळू सुर्वे हर्ण्याहून मासळीचा ट्रक आणायचा. आणि चौथे अण्णा शितप. बोटीच्या इंजिनरूममध्ये आयुष्य काढून रिटायर झालेले, कवळी लावणारे, आणि एकदा मनात घेतलं की ब्रह्मदेवाच्या बापाचंही न ऐकणारे!

आमचे बहुतेक किस्से अण्णांच्या जीपचे आहेत. जीप लिलावातली, म्हातारी, बुटकी. ती उंच करायची होती, तीही अण्णांच्या पेन्शनीत बसेल अशी.

*

उंच का, तर आयेसाठी. अण्णांची आई डोंगरावरच्या वाडीत एकटी राहायची. देव आणि घर सोडून खाली यायला तयार नाही. पाय थकलेले. एका डोळ्याची दृष्टी गेलेली, दुसऱ्यात मोतीबिंदू. डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलं होतं, "आता ऑपरेशन लांबवलंत तर हाही डोळा जाईल."

वाडीतून माणूस खाली आणायचा तर डोली. बांबूला चादर बांधायची आणि चौघांनी खांदा द्यायचा. अण्णा डोली घेऊन वर गेले. आयेनं हातानं बांबू चाचपला, चादर चाचपली आणि म्हणाली, "मी मेल्यावर चौघं उचलालच. जितेपणी कशाला घाई करता, मेल्यांनो?"

डोली रिकामी परत आली. अण्णा त्या दिवशी गॅरेजमध्ये चहा न घेता बसून राहिले. मग म्हणाले, "दिगू, जीप वर न्यायची!"

*

वर बैलगाडीची वाट होती. दोन बाजूंना चाकांनी खोल चऱ्या पाडलेल्या आणि मधोमध जांभ्याचा लांबलचक उंचवटा. वाडीवाले त्याला म्हशीची पाठ म्हणत. चाकं चऱ्यांत उतरली की जीपचं पोट या पाठीवर टेकायचं आणि चारी चाकं नुसती गरगरायची.

मी खात्याचा माणूस. मी म्हटलं, "त्यात काय? दोन गडी लावून उंचवटा फोडून टाकू."

वाडीचे गुरव माझ्याकडे बघतच राहिले. "सायेब, ती राखणदाराची जागा हाय. तिथं पहार लावायची नाय."

झालं! राखणदार म्हणजे वाडीचं रक्षण करणारा देव. त्याच्यापुढे खात्याचं काय चालणार? अण्णांनी मात्र एका वाक्यात विषय संपवला. "जमीन खाली जात नाही ना? मग गाडी वर जाईल!"

*

अण्णांचा एक जुना जहाजबंधू आखातात होता. तिकडे वाळूत जीपगाड्या उंच करून पळवतात, त्यासाठी स्प्रिंगचे पाटे, शॉक अ‍ॅब्सॉर्बर असा सगळा सेट तयार मिळतो, असं त्यांनी ऐकलं होतं. अण्णांनी त्याला निरोप धाडला, "स्वस्तातला पाठव."

महिनोन्‌महिने वाट बघितली. दिगूनं सेट ठेवायला कोपरा झाडून ठेवला. शेवटी सुट्टीवर आलेल्या कोणाबरोबर तरी एक पाकीट आलं. सेट पाकिटात कसा मावला म्हणून आम्ही चौघं वाकून बघतोय, तर आत एका उंच जीपचा रंगीत फोटो! मागे लिहिलं होतं, "सेट फार महाग आहे. हा बघून बनवा."

दिगूनं फोटो त्या झाडलेल्या कोपऱ्यात चिकटवला आणि रोज उदबत्ती ओवाळायला लागला.

*

मग बाळूनं अक्कल लढवली. "पाटे कशाला? टायर मोठे घाला. माझ्याकडे ट्रकचे जुने आहेत, फुकट!"

फुकट म्हटल्यावर अण्णांचे डोळे चमकले. दिगूनं कुरकुरत का होईना, बसवले. जीप ऐटीत उभी राहिली. आम्ही चढलो, गाडी रस्त्याला लागली आणि मारुती मंदिराकडे वळायला अण्णांनी स्टिअरिंग फिरवलं. टायर मडगार्डात जाऊन रुतले. वळेचना! सरळ मात्र झकास चालत होती.

आम्ही सरळ हातखंब्यापर्यंत गेलो. तिथे एका मैदानात लांबलचक फेरा मारून तोंड फिरवलं आणि परत आलो. अण्णा उतरून म्हणाले, "बोटीला सुद्धा एवढी जागा लागत नाही हो!"

*

पुढचा प्रयोग दिगूचा. ट्रकचा एकेक जाडजूड पाटा जीपच्या पाट्यांत घातला. गाडी चांगली वीतभर उठली. पण इतकी कडक झाली, की नाचणे गावच्या रस्त्यावर पहिल्याच खड्ड्यात अण्णांची कवळी तोंडातून उडाली ती थेट गटारात. आम्ही तिघं गटारात हात घालून शोधतोय आणि अण्णा काठावरून बोळक्या तोंडानं सूचना देतायत!

"गाडीत वजन नाही, म्हणून उडते," दिगूनं निदान केलं. "मागे चिरे भरा." जांभ्याचे चिरे आमच्याकडे काय, पायलीला पन्नास! भरले. गाडी लोण्यासारखी मऊ चालायला लागली. अण्णा खूश, दिगू खूश.

गॅरेजमध्ये येऊन उंची मोजली. चिऱ्यांच्या वजनानं जीप बरोब्बर पहिल्याइतकी खाली आली होती.

त्या दिवशी मी म्हटलं, "अण्णा, पुरे आता." ते कवळी नळाखाली धूत होते. म्हणाले, "तुमचं खरं आहे. पण आयेला संध्याकाळी दिवा लावलेला दिसत नाही हो. हातानं चटका लागला की तिला कळतं, पेटला म्हणून." आणि कवळी बसवून पुन्हा जीपखाली शिरले. त्या वयात, पाठीवर पडून! मला त्या माणसाचा हेवा वाटला.

*

शेवटी तोडगा निघाला तो साधाच. जीपचेच जुने पाटे उतरवले, ठोकून ठोकून त्यांची बसलेली कमान पुन्हा उठवून घेतली आणि जोडीला बेताचा एकेक पाटा वाढवला. खर्च पेन्शनीत बसला. कवळीही जागेवर राहिली.

आता परीक्षा. अण्णांनी म्हशीच्या पाठीवर एक नारळ ठेवला. जीप वरून जायची आणि नारळ शाबूत राहायचा. एवढी उंची मिळाली तर आये निर्धास्त बसेल, असा हिशोब.

अण्णांनी गाडी घातली. फाट्‌! नारळाची दोन भकलं झाली. अण्णांचा चेहरा पडला. पण गुरवांचा खुलला. धावत पुढे आले, त्यातली एक कवड अण्णांच्या हातात दिली आणि म्हणाले, "राखणदारानं मानून घेतला! आता बिनघोर जावा!"

आणि खरंच, नारळ फुटला तरी जीप कुठेही न टेकता पलीकडे गेली होती!

*

तसेच वर गेलो. अण्णांनी जीप आयेच्या दारापुढच्या खळ्यात नेऊन उभी केली आणि हॉर्न दाबूनच धरला. वाडी गोळा झाली. आये नवं लुगडं नेसून, काठी टेकत आली. दोन्ही हातांनी जीप चाचपली. चाक, मडगार्ड, मग पायरी. पायरी तिच्या कमरेच्या वर होती.

तिनं पाय उचलून बघितला. पुन्हा बघितला. पाय पोचेना.

इतके महिने आम्ही म्हशीची पाठ मोजली, नारळ मोजला. आये कोणी मोजली नव्हती! अण्णा स्टिअरिंगवर डोकं टेकून बसले. त्यांचे खांदे हलत होते.

आयेनं विचारलं, "किती जण आलात रे?"

"चौघं," मी कसाबसा म्हणालो.

"चौघंच?" तिनं काठी टाकून दिली. "उचला तर. पण मढ्यासारखी नाय हां! शिमग्याला पालखी नाचवता ना, तशी नाचवा!"

गुरवांनी घरातली खुर्ची आणली. आयेला बसवून आम्ही चौघांनी खांद्यावर घेतली. कोणीतरी ढोल काढला. दिगू नाचला, बाळू नाचला, मी सरकारी माणूस नाचलो आणि अण्णा रडत रडत नाचले. खळ्याला फेरी घालून आयेला जीपमध्ये नेऊन ठेवली.

ती पदर सावरून बसली आणि हात जोडून गाऱ्हाणं घालायला लागली.

"बा राखणदारा म्हाराजा..."

"व्हय म्हाराजा!" वाडी ओरडली.

"ह्या चौघा पोरांनी मला जितेपणी खांदा दिला, म्हाराजा..."

"व्हय म्हाराजा!"

"त्यांची मान अशीच उंच ठेव, म्हाराजा..."

"व्हय म्हाराजा!"

"आणि गाडी तेवढी वायच खाली कर, म्हाराजा!"

सगळ्यात मोठ्यानं "व्हय म्हाराजा" म्हणाले ते अण्णा!