आप्पांच्या कानाशी फोन

रविवारी सकाळी सात वाजता शेजारचे आप्पा वारले. सव्वासातला त्यांचे धाकटे भाऊ दामूकाका यांनी सोलापूरला पुतणीला, सुनीताला, फोन लावला. "आप्पा सीरियस आहेत. लगेच निघ," ते म्हणाले. लांबच्या लेकीला आमच्याकडे असंच सांगतात.

मी शेजारी उभा होतो. परिणाम काहीही होवो, खोटं बोलू नये, असं एक नीतिशास्त्र सांगतं. दुसरं परिणामच पाहतं. सुनीताला सहा तासांचा प्रवास एकटीने करायचा होता. तिसरं विचारतं, भला माणूस इथे काय करील? दामूकाका भलेच होते. कॉलेजात मी हे तिन्ही शिकलो, पण पलीकडून लेक काय मागेल, हे त्यांपैकी एकातही नव्हतं.

"रडताय कशाला, काका? चिवट आहेत ते," सुनीता म्हणाली. "फोन जरा त्यांच्या कानाशी धरा ना. निघण्याआधी दोन शब्द बोलते."

काकांनी माझ्याकडे पाहिलं. मी मान खाली घातली. काकूंनी आप्पांच्या तोंडावरची चादर बाजूला केली. काकांनी वाकून फोन त्यांच्या कानाशी धरला.

सुनीता चार मिनिटं बोलत होती.