पंख्याच्या जाळीवरचे घर

ओतूरच्या बाजारपेठेत फतेचंदशेठ यांचे कापडाचे दुकान होते. दुकानामागे त्यांचे घर आणि घराच्या माडीवर एक खोली. नव्वदच्या दशकात पिंपरी पेंढारहून कॉलेजसाठी आलो तेव्हा मी त्या खोलीत भाड्याने राहत असे. पुढे शेठ वारले, दुकान बंद झाले, एकुलता एक मुलगा पिंटू नोकरीसाठी अमेरिकेला गेला आणि तिकडचाच झाला. त्या लांबट घरात शेठच्या पत्नी झमकूबाई एकट्या उरल्या. पुण्याहून गावी जाताना मी ओतूरला उतरून त्यांना भेटून जात असे. माझ्यासाठी चहा ठेवताना त्या नेहमी दोन कपांचे आधण ठेवत. आपण चहा सोडला आहे हे त्यांना मागाहून आठवे.

वडिलांच्या मागे आई एकटी पडली म्हणून पिंटूने एका सुट्टीत तिच्यासाठी संगणक घेतला. वर छोटा कॅमेरा बसवला, चालू कसा करायचा आणि बंद कसा करायचा ते शिकवले. दर रविवारी सकाळी, तिकडे शनिवारची संध्याकाळ असताना, पिंटू, सून आणि नात नीलम पडद्यावर दिसत. चित्र अडखळे, ओठ हलून गेल्यावर आवाज येई. झमकूबाईंचा सारा आठवडा त्या अर्ध्या तासाकडे तोंड करून बसलेला असे.

संगणकाची निगा त्यांनी नेमासारखी धरली होती. पडदा शेठच्या जुन्या मलमली धोतराच्या कोरड्या तुकड्याने पुसायचा, पाणी लावायचे नाही. कीबोर्ड पालथा धरून हलकेच थोपटायचा. कॅबिनेटच्या फटींवरून मात्र पुंजणी फिरवायची. पुंजणी म्हणजे लोकरीचा मऊ झुबका. बसण्यापूर्वी जागेवरची किडामुंगी न दुखावता बाजूला सारण्यासाठी जैन घरांत ती असतेच. फटीतून निघालेली मुंगी झमकूबाई कागदावर घेऊन परसात सोडत. 'शट डाउन' केल्यावर पडदा पूर्ण काळा होईपर्यंत समोर बसून राहत आणि मगच बटण बंद करून वर कापडी झाकणी घालत.

दुरुस्तीचे काम बाजारात संगणकाचे वर्ग चालवणारा भरत पाही. "ओतुरात दुसऱ्या घरी कॅबिनेट खोललं की उंदरांचं बाळंतपण निघतंय," तो म्हणे. "तुमच्याकडं मला हात धुवायचं पण काम पडत न्हाई, बाई." एकदा यंत्र संथ झाले, तेव्हा तो नको असलेले काढून टाकायला बसला. झमकूबाई शेजारी खुर्ची ओढून बसल्या. नीलमचा एकेक फोटो पाहत त्या "हा राहू दे" म्हणत गेल्या. शेवटी त्याने पिंटूने घातलेले खेळ तेवढे काढले. त्याच वेळी त्याने सांगितले, "झाकणीला मागून खिडकी ठेवा. पंख्याला श्वास घेऊ द्या." त्यांनी त्याच दिवशी कापडाला मागच्या बाजूने चौकोनी भोक शिवून घेतले.

त्या श्रावणात भारनियमनाचे वेळापत्रक बदलले आणि लागोपाठ दोन रविवारी सकाळी वीज नव्हती. पुढच्या रविवारी वीज होती. झाकणी काढायला झमकूबाई वाकल्या आणि तशाच थांबल्या. मागच्या पंख्याच्या जाळीवर, आतल्या पात्याला टेकून, मातीची तोंडमिटली मडकी ओळीने चिकटली होती. शेवटच्या मडक्यावर ओली माती लावून कुंभारीण माशी उडून गेली ती त्यांच्या देखतच. त्यांनी बटणाला हात लावला नाही.

भरत आला तो स्क्रू ड्रायव्हर घेऊनच.

"एक मिनिटाचं काम हाय. खरवडून टाकतो."

"आत पोरं हायेत."

"पोरं न्हाईत, किडं हायेत. आन् तिनं आत त्यांच्या खाण्याला अळ्या कोंबल्यात, जित्त्या. तिलाच दया न्हाई तर तुमी काय घेऊन बसलाय?"

"तिचं ती बघंल. माझ्या घरात माझ्या सांगण्यावरनं न्हाई व्हायचं, भरत."

"मग चालू करू नका. पंखा अडकलाय, आतलं सगळं जळंल."

"न्हाई करत."

"रविवारचं काय मग?"

झमकूबाई म्हणाल्या, "तू चहा घे."

त्या रविवारी पिंटूने वाट पाहून घरच्या फोनवर फोन केला. त्यांनी जे होते ते सांगितले. आधी तो हसला. पुढच्या रविवारी हसला नाही. "आई, एका माशीसाठी? नीलम तयार होऊन बसली होती." त्यानंतरचे फोन लहान होत गेले. दरवर्षी संवत्सरीला झमकूबाई कॅमेऱ्यासमोर हात जोडून तिघांची क्षमा मागत, वर्षभरात कुणाला दुखावले असेल तर म्हणून. पलीकडे नीलमही आपले इवलेसे हात जोडून दाखवी. यंदा ती क्षमा फोनवर मागून झाली. पिंटूने पोरीला फोन दिला, तो तिने लगेच परत केला.

मला हे त्यांनी भादव्यात, ओसरीवर शेंगा सोलताना सांगितले.

"आधी विचारायची म्हणं, दादी कुठंय. आता विचारत न्हाई, असं पिंटू म्हणला." त्यांनी शेंगांचे सूप पुढे ओढले. "चार वर्षाचं लेकरू. त्याला काय ध्यानात राहतंय, भगवंता."

"काकी, भरतला बोलावू का?"

"नको. निघतील आता."

रोज सकाळी त्या मागे जाऊन पाहत. यंत्र बंद होते, तरी पडद्यावरची धूळ पुसली जात होती. एका सकाळी मडक्यांना गोल भोके दिसली. आत काही उरले नव्हते. भरतने पातळ पात्याने ती रांग सोडवली, तेव्हा त्यांनी खाली ओंजळ धरली होती. त्याने पंखा साफ केला, तेलाचा थेंब सोडला. यंत्र नव्यासारखे, आवाज न करता सुरू झाले.

मी पितृपक्षासाठी गावी निघालो होतो. पहिल्या गाडीने ओतूरला उतरलो तो नेमका यंत्र सुरू झाल्यानंतरचा पहिला रविवार होता. झमकूबाईंनी इस्त्रीचे पातळ नेसले होते. पलीकडे सून दिसली, पिंटू दिसला. नीलम मात्र आईच्या खांद्यामागे लपली. पिंटू तिला पुढे ओढू लागला.

"राहू दे रे," झमकूबाई म्हणाल्या. "ओढू नको तिला."

मग त्यांनी पडद्याशेजारी ठेवलेली मडक्यांची रांग उचलून कॅमेऱ्यासमोर धरली. आधी पोरीचे कपाळ दिसले, मग हळूहळू सगळा चेहरा आला आणि इतका जवळ आला की पडदाभर एकच डोळा उरला. तिने बापाला इंग्रजीत काही विचारले.

"आत कोण राहतं, विचारतेय," पिंटू म्हणाला.

"आता कोणी न्हाई. व्हती ती सगळी उडून गेली."

ते नीलमला सांगून झाले. तिने पुन्हा काही विचारले.

"काय म्हणती?"

"म्हणतेय, मग दादीनं ते ठेवलंय कशाला?"

झमकूबाईंनी हातातल्या रिकाम्या मडक्यांकडे पाहिले. "सांग तिला, घर हाय ते. पुसून ठेवलंय."

पिंटूने ते सांगितले की नाही हे आम्हाला ऐकू आले नाही, कारण वीज गेली. वीज गेल्यावर यंत्र थोडा वेळ चालवणारी टेबलाखालची बॅटरी टिकटिकू लागली. जोडणी तुटून तिकडचे चित्र थिजले होते. त्यात नीलम अर्धी वळलेली होती, आमच्याकडे की आईकडे ते कळत नव्हते. झमकूबाई क्षणभर तिच्याकडे पाहत राहिल्या.

"फोन येईल त्याचा," मी म्हणालो.

"येईल."

बॅटरी फार वेळ टिकत नसे. त्यांनी शिकवल्याप्रमाणे यंत्र बंद करायला घेतले आणि पडदा पूर्ण काळा होईपर्यंत समोर बसून राहिल्या. मग पुंजणी घेऊन कीबोर्डवरून, कॅबिनेटवरून आणि शेवटी त्या मडक्यांवरून फिरवली. झाकणी घातली. मागची खिडकी पंख्यावर नीट आली आहे ना, हे वाकून पाहिले. फोन वाजला नव्हता. त्या माझ्यासाठी चहा ठेवायला आत गेल्या.