अण्णांसाठी थोडा अंधार

आमच्या घरातली एक भिंत पोकळ आहे, ही गोष्ट मी अण्णांपासून लपवून ठेवली होती.

खरं तर लपवण्यासारखं त्यात काही नाही. शहरात गारखेड्यातल्या आमच्या फ्लॅटला पश्चिमेकडं एक गॅलरी होती. ती बंद करून आम्ही तिची खोली करून घेतली. करून देणाऱ्यानं खाली सरकत्या काचांची मोठी खिडकी बसवली. तिच्या वरची छतापर्यंतची मोकळी जागा बाहेरून पांढऱ्या फायबरच्या पत्र्यानं आणि आतून जिप्समच्या बोर्डानं झाकली, त्यावर छान रंग मारला. दिसायला भिंत, वाजवली तर रिकामा डबा! पण गावाकडं, देवगाव रंगारीला, हातभर जाडीच्या मातीच्या भिंतींमध्ये ज्यांचा जन्म गेला, त्या वडिलांना ‘अण्णा, तुमच्या मुलाची भिंत बिस्किटाएवढी जाड आहे’ हे कोणत्या तोंडानं सांगणार?

अण्णांच्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन शहरात झालं. डॉक्टरांनी बजावलं, पुन्हा तपासेपर्यंत इथंच राहा, वाकू नका, वजन उचलू नका आणि डोळ्यावर कडक ऊन घेऊ नका. यातलं ‘इथंच राहा’ हे सगळ्यात अवघड. आमच्या घरी अण्णा आजवर सलग दोन रात्री राहिलेले नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी चहा होतो आणि त्यांची पिशवी खांद्यावर दिसते. “शेळ्या वाट बघत आसतील,” एवढंच म्हणतात. (शेळ्या त्यांची वाट बघतात हे खरं आहे. मी मात्र वाट बघत नाही असं त्यांना का वाटतं, हे मला कधी विचारता आलं नाही.)

या वेळी त्यांनी अट घातली. “ऱ्हातो. पर डोळ्याला ऊन लागलं तर म्या आपला देवगावला जानार. आपल्या घरात भर दुपारी कसा गार अंधार आसतो.”

तेही खरं. त्या घराला एकच झरोका आणि एकच दार. मी बी.ए. झालो तो सुट्ट्यांमध्ये त्या दारात बसून वाचून. निकाल लागला तेव्हा गावात माझा सत्कार झाला आणि बोलणाऱ्या प्रत्येकानं ‘दत्तानं घराण्यात उजेड आणला’ असं म्हटलं. आणि आज त्याच दत्तावर घरात थोडा अंधार आणायची वेळ आली, तर तो काही केल्या येत नव्हता!

कारण खिडकीचा पडदा. आमचा पडदा दोरी ओढली की वर गुंडाळला जाणारा आहे. दुकानदार त्याला ब्लाइंड म्हणतो. तो दोन ब्रॅकेटवर बसतो, ब्रॅकेट जिप्समच्या बोर्डावर, आणि ऐन वेळी डावं ब्रॅकेट ढिलं झालं. पडदा एका बाजूनं खाली लोंबला आणि चारच्या उन्हाची तिरपी पट्टी थेट अण्णांच्या उशीवर.

“सुतार बोलवा,” माझी बायको मंगल म्हणाली.

“दोन स्क्रूसाठी सुतार? मी करतो ना!”

“तुमचा विषय इतिहास होता.”

हा टोमणा मला लागला नाही, कारण आमच्या गावात पदवीला विषय नसतो. पदवीधर माणसाला मोटार का सुरू होत नाही, बैलाला ताप का आला, मोबाइलमधला आवाज कुठं गेला, हे सगळं माहीत असायलाच हवं. आणि मीही इतकी वर्षं, लोकांनी एवढ्या विश्वासानं विचारलं म्हणून, अंदाजानं का होईना उत्तर देत आलो आहे.

मी हार्डवेअरच्या दुकानातून सगळ्यात जाड प्लॅस्टिकच्या गुट्ट्या आणल्या. भोकात गुट्टी, गुट्टीत स्क्रू, असा साधा विचार. गुट्टी ठोकली. ती आत गेली. आणखी आत गेली. मग ती दिसेनाशी झाली आणि भिंतीच्या पोटात कुठंतरी टणटण करत खाली उतरली.

काळा चष्मा लावून कॉटवर बसलेल्या अण्णांनी मान वळवली. “आत कोन ऱ्हातं रं?”

“कोणी नाही अण्णा. गुट्टी पडली.”

“भितीत पडली?”

“भिंतीत म्हणजे... जरा मोकळी जागा आहे.”

अण्णा उठले, भिंतीपाशी आले आणि हात उंच करून बोटाच्या पेरानं ठकठक केली. “व्हय रं दत्तू, ही भित हाय का डफ?”

गुपित फुटलं! मी त्यांना जिप्सम, पोकळी, लोखंडी पट्ट्या वगैरे समजावून सांगितलं. त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि म्हणाले, “आसंल. तू शिकलेला हायस. तुला ठावं.”

हे वाक्य मी बी.ए. झाल्यापासून ऐकतो आहे. त्याआधी अण्णा मला सगळं शिकवायचे, गाठ कशी मारायची, विळा कसा धरायचा, शेळीची धार कशी काढायची. चुकलो की टपली. पण मी पदवीधर झालो आणि टपली बंद झाली. तेव्हापासून माझ्या प्रत्येक म्हणण्याला ‘तुला ठावं’. त्यांना वाटतं तो मान आहे. मला मात्र शाळेतून नाव काढून टाकल्यासारखं होतं.

दुसऱ्या दिवशी मी हट्टाला पेटलो. मोबाइलवर व्हिडिओ बघितले, पुन्हा दुकानात गेलो आणि पोकळ भिंतीची खास गुट्टी आणली. ही बोर्डाच्या पलीकडं गेली की फुलपाखरासारखे पंख उघडते आणि मागून बोर्डाला घट्ट धरते. मी जुनी भोकं सोडून शेजारी नवी पाडली, दोन्ही ब्रॅकेटना या गुट्ट्या लावल्या, स्क्रू आवळले. पडदा बसवला, दोरी सोडून तो खाली घेतला. खोलीत मऊ, राखाडी, देवगावी अंधार पसरला!

“अण्णा, कसं वाटतं?”

“ब्येस झालं,” अण्णा म्हणाले. मी स्टुलावरून उतरणार, तोच पुढचं वाक्य आलं. “लोंबकळून बघितलं का?”

इथं आमच्या घरची एक रीत सांगायला हवी. मातीच्या भिंतीत आमच्याकडं लाकडी मेख ठोकतात. तिला जू, दोरखंडं, धान्याची पिशवी, काहीही अडकवतात. पण त्याआधी ती माणसाचं वजन पेलते का हे बघायचं असतं, आणि आमच्या घरात तो माणूस म्हणजे मी. नवी मेख ठोकली की अण्णा मला काखेत धरून उचलायचे, “धर गच्च” म्हणायचे आणि हात काढून घ्यायचे. मी हवेत! मेख टिकली तर शाबासकी. नाही टिकली तर खाली अण्णांचे हात. ते हात खाली असायचे म्हणून पडण्याची मला तेव्हा कधी भीती वाटली नाही. मला हॉस्टेलला सोडायला आले तेव्हाही त्यांनी माझी पिशवी खिळ्याला अडकवण्याआधी तो खिळा दोन्ही हातांनी ओढून बघितला होता. खिळा आला. गिलावाही आला. रेक्टरही आले.

“अण्णा, याला फक्त पडदा लावायचाय. पडद्याचं वजन ते किती!”

“मेख ती मेख. वजन पेललं तर खरी.”

“पण ही मेख नाही...”

“बरं. तुला नाय जमत तर ऱ्हाऊ दे. म्याच बघतो लोंबकळून.” आणि अण्णा खरोखर धोतर खोचून स्टुलाकडं निघाले!

आता विचार करा. डोळ्याचं नुकतंच ऑपरेशन झालेला, वाकूसुद्धा नको म्हणून डॉक्टरांनी बजावलेला माणूस ब्रॅकेटला लटकणार! स्वयंपाकघरातून मंगल ओरडली, “अहो, त्यांना धरा!” मी त्यांना कॉटवर बसवलं आणि घाईघाईनं म्हणालो, “थांबा, थांबा, मी लटकतो!”

(एका पदवीधर, बँकेत नोकरी करणाऱ्या, किंचित पोट सुटलेल्या माणसाच्या तोंडून हे वाक्य कसं निघालं, याचा मी आजही विचार करतो.)

मी स्टुलावर चढलो, दोन्ही ब्रॅकेट धरली. नुसतं लटकल्यासारखं करावं, पाय स्टुलाला टेकलेले ठेवावेत, असा माझा बेत होता.

“पाय सोड,” अण्णा म्हणाले. ऑपरेशन खरंच चांगलं झालं होतं.

मी पाय सोडले.

एका गोष्टीचा मला अभिमान आहे. माझ्या गुट्ट्या सुटल्या नाहीत. त्यांचे पंख मागून इतके पक्के बसले होते की ब्रॅकेट जागचं हललंसुद्धा नाही. सुटली ती भिंत! आधी करकर आवाज झाला, मग छतापासूनचं अख्खं बोर्ड माझ्यासकट, पडद्यासकट, पांढऱ्या धुरळ्यासकट खाली आलं. ‘धर गच्च’ ही लहानपणीची शिकवण इतकी अंगात मुरलेली की खाली पडलो तरी ब्रॅकेट माझ्या हातातच!

आणि खोली लख्ख उजळली. बोर्डाच्या मागं होता तो पांढरा फायबरचा पत्रा, आणि त्यातून ऊन असं आत आलं की जणू मी वर दुसरी खिडकीच उघडली होती.

बेल वाजली. खालच्या मजल्यावरचे खानसाहेब दारात. “दत्ताभाई, फ्रिज गिरा क्या?”

“नाही खानसाहेब, मीच.”

“आप? ऐसा कायको?” त्यांनी आत डोकावून माझ्याकडं, बोर्डाकडं आणि अण्णांकडं बघितलं. “हाथ-पाँव सलामत? बस, फिर ठीक है,” म्हणाले आणि हसू दाबत जिना उतरले.

मला हसू येत नव्हतं. अण्णा डोळ्यावर हात आडवा धरून बसले होते. त्यांची अट मला आठवत होती. खुंटीवरची त्यांची पिशवीही दिसत होती. मी धुरळ्यात बसून म्हणालो, “चुकलं अण्णा. संध्याकाळच्या गाडीनं सोडतो तुम्हाला देवगावला.”

मंगलनं त्यांना आधी आतल्या खोलीत नेऊन बसवलं, गव्हाच्या पिठाची खळ शिजवली, जुन्या पेपरांचा गठ्ठा माझ्यापुढं टाकला आणि म्हणाली, “चिकटवा.”

मी पत्र्यावर आणि खिडकीच्या काचांवर कागद चिकटवायला लागलो. थोड्या वेळानं मागून आवाज आला, “डावा कोपरा सुटला बघ.”

अण्णा चष्मा लावून दारात उभे होते.

“खळ लई घेतोस. पातळ वढ. आरं, पातळ!” आणि मग डोक्यात फाटकन टपली बसली. पन्नाशीला आलेल्या माणसाला टपली बसावी आणि त्यानं खळीचा हात तसाच धरून गप्प उभं राहावं, असं माझं झालं. मंगलला वाटलं, माझ्या डोळ्यात जिप्सम गेलं.

खोली आता शटर पाडलेल्या दुकानासारखी दिसत होती, पण अंधार मात्र अस्सल झाला. अण्णा कॉटवर आडवे झाले. संध्याकाळची गाडी गेली. दुसऱ्या दिवशीचीही गेली. डॉक्टरांनी डोळा तपासून ‘आता जायला हरकत नाही’ म्हटलं, तरी पिशवी खुंटीवरून हलली नाही. मला विचारायचा धीर होईना.

मग एका दुपारी शेळ्या सांभाळणाऱ्या चुलतभावाचा गावाकडून फोन आला. कागदी अंधारातून अण्णांचा खणखणीत आवाज बाहेर ऐकू येत होता.

“नाय रं, येवढ्यात नाय येत. डोळा चांगला हाय माझा. पर हितं पोराला येकट्याला सोडन्यासारखं नाय... आरं, येवढा शिकवला, पर आजून भितीला लटकतंय!”