राकेलच्या बाटलीतलं पेट्रोल

मी पदवीधर झालो तो माझ्या थोरल्या वहिनींमुळे. त्यांना अक्षरओळख नव्हती, पण मी शिकावं म्हणून त्या सगळ्या घराशी भांडल्या.

हैदराबादच्या कॉलेजात शेरवानी लागे. तीर्थपुरीच्या शिंप्यानं शिवलेल्या माझ्या नव्या शेरवानीवर निघायच्या आदल्या दिवशी गोडं तेल सांडलं. आमच्या गावावरून जालन्याला जाणाऱ्या सर्व्हिस मोटारीच्या ड्रायव्हरनं बाटलीभर पेट्रोल दिलं. अंगणात बसून फडक्यानं पुसलं तसा डाग गेला. अर्धी बाटली उरली. आमच्या घरी काही टाकून द्यायची रीत नव्हती. मी ते चुलीजवळच्या राकेलच्या बाटलीत ओतलं. राकेल तेवढंच वाढलं, असं वाटलं. कुणाला सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी त्याच मोटारीनं जालन्याला आलो. स्टेशनावर ट्रंक उतरवताना ड्रायव्हर म्हणाले, "अजून वास मारून राह्यला, बाबू. उरलेलं अत्तर म्हून संग घेतलं का काय?"

मी खरं ते सांगितलं. त्यांचं हसू मावळलं.

"घरी चुलीत राकेल टाकतात?"

"कपाशीच्या पऱ्हाट्या ओल्या असल्या की वहिनी टाकतात. विस्तवावरच."

"मंग बाटली हातातच पेटंल."

सकाळी चूल शेजारून आणलेल्या विस्तवानं पेटली होती, बाटली लागली नव्हती. पण वाटेत आम्हाला पाऊस लागला होता. अंगणातल्या पऱ्हाट्या भिजल्या असणार, आणि संध्याकाळी वहिनी बाटली उचलणार.

मोटार लगेच परत निघणार होती. माझी गाडी तासाभरात होती, आणि प्रवेशाचा उद्या शेवटचा दिवस. मी मोटारीत चढायला हवं होतं. चढलो नाही.

"चिठ्ठी दे," ड्रायव्हर म्हणाले. "माझ्या तोंडचं त्यांना खरं वाटायचं न्हाई. वाचून दाखवाया गावच्या शाळंतल्या मास्तरला संग घेऊन जातो, जल्दी लिही."

गाडीत कुणी बिडीसाठी काडी ओढली की मी डोळे मिटून घेई. पुढचे पाच दिवस घरचं काही कळलं नाही. ती चिठ्ठी वहिनींनी जपून ठेवली, म्हणून इथे देता येते:

"तीर्थस्वरूप वहिनींस साष्टांग नमस्कार. राकेलच्या बाटलीला हात लावू नका. त्यात मी पेट्रोल ओतलं आहे. विस्तवावर पडलं तर भडका तुमच्या अंगावर येईल. बाटली ड्रायव्हरांच्या हवाली करा. त्यांना बोल लावू नका, चूक माझी आहे. मी स्वतः यायला हवं होतं, आलो नाही. तुम्ही सुखरूप आहात एवढं मास्तरांकडून लिहवून पाठवा."