अंगणातली जीप

जवळजवळ वर्षभर मी देवाला मनापासून हात जोडले नव्हते. संध्याकाळी दिवा लागायचा, पण तो सवयीने. खरं सांगायचं तर मी देवावर चिडले होते, आणि त्या रागाला कारणही होतं. आमचे हे अंबरनाथच्या एका कारखान्यात मेंटेनन्सला सुपरवायझर होते. दर सोमवारी ड्यूटी संपली की तिथल्या शिवमंदिरात जायचे, पायऱ्या उतरून गाभाऱ्यात पिंडीवर बेलाचं पान ठेवायचे आणि मगच बदलापूरला घरी यायचे. इतक्या वर्षांत एक सोमवार चुकला नव्हता. आणि अशा माणसाला सेहेचाळिसाव्या वर्षी अर्धांगवायूचा झटका आला. उजवं अंग गेलं आणि वाचाही गेली. मी बदलापूर गावातल्या शाळेत शिकवत होते. लोक भेटायला येऊन सांगायचे, देव परीक्षा बघतो. परीक्षा घेणं हा माझा रोजचा उद्योग होता. न शिकवलेल्या धड्यावर प्रश्न विचारणारी परीक्षा मला पटत नव्हती.

मला वाटतं सत्त्याऐंशी-अठ्ठ्याऐंशीची गोष्ट असेल. आमचं घर बेलवलीत, बैठं, पुढे मोठं अंगण. त्या अंगणात पत्र्याच्या शेडखाली यांची जीप उभी होती. लष्कराने लिलावात काढलेली जुनी पेट्रोल जीप यांनी हौसेने आणली होती. सुटीच्या दिवशी हे तिच्या खाली आडवे असायचे. झटका येण्याच्या महिनाभर आधीच यांनी तिचं इंजिन उघडलं होतं. सगळे भाग बिस्किटांच्या रिकाम्या डब्यांत घालून प्रत्येक डब्यावर आपल्या नीट अक्षरात चिठ्ठी चिकटवली होती. मग ते सगळं तसंच राहिलं. हे खिडकीशी खुर्चीत बसायचे आणि ताडपत्रीखालच्या त्या गाडीकडे बघत राहायचे. हळूहळू जेवणही कमी झालं. भाताचा घास तोंडाशी नेला की मान फिरवायचे.

माझे दीर कल्याणला राहत. त्यांचा भावावर फार जीव. ते म्हणाले, ‘वहिनी, ती गाडी रोज डोळ्यांसमोर असते म्हणून दादा खचतोय. भंगारात देऊन टाकू.’ मला ते पटलं. ठरल्याप्रमाणे भंगारवाली माणसं आली आणि त्यांनी ताडपत्री ओढली. तेवढ्यात खिडकीतून आवाज यायला लागला. हे डाव्या हाताने स्टीलचा पेला खिडकीच्या गजावर आपटत होते. थांबेचनात. डोळ्यांतून पाणी वाहत होतं. मी त्या माणसांना परत पाठवलं आणि भाऊजींना म्हटलं, मला एक महिना द्या. महिन्यात गाडी चालू झाली नाही तर तुम्ही न्या. हे बोलताना मला साधा स्क्रू आवळायचीही माहिती नव्हती.

दुसऱ्या दिवसापासून शाळेतून आले की यांची खुर्ची शेडमध्ये नेऊन ठेवायची आणि एकेक डबा उघडायचा, असं सुरू झालं. मी भाग वर धरून विचारायची, हा? होय असेल तर हे डोळे मिटायचे, नाही असेल तर डावा हात हलवायचे. रॉकेलमध्ये सगळं धुऊन काढलं. व्हॉल्व्ह घासायला दोन आठवडे लागले. त्याला करड्या रंगाची खरखरीत पेस्ट लावून, एका काठीला अडकवून, दोन्ही तळव्यांत ती काठी फिरवायची असते. ताक घुसळताना रवी फिरवतो तशीच. ते मला जमलं, आणि हे पहिल्यांदा तोंडाच्या एका बाजूने हसले. इंजिनाचं हेड बसवताना बोल्ट मधून सुरू करून कडेला यायचं, तेही यांनी बोटानेच दाखवलं. शाळेत मुली माझ्या काळ्या नखांकडे बघायच्या. घरी मात्र हे आता पोळी-भाजी संपवत होते. एकदा तर वाटी पुढे केली.

चौथ्या आठवड्यात गाडी पूर्ण जोडून झाली. बॅटरी आणली, पेट्रोल घातलं. स्टार्टर दाबला तशी इंजिनाने फटाक्यासारखा बार काढला, कार्ब्युरेटरमधून जाळ आला आणि माझी भुवई करपली. पुढचे पाच दिवस तेच. बार निघायचा, धूर यायचा, पण गाडी चालू व्हायची नाही. यांना काहीतरी सांगायचं असायचं. ‘अ... अ...’ करून हे जोर लावायचे, इंजिनाकडे बोट करायचे आणि मी घाईने विचारायची, प्लग का? पेट्रोल का? कार्ब्युरेटर का? शाळेत फळ्यापुढे अडलेल्या मुलाला मी असंच पुढचं सांगत असे. हे दमून डोळे मिटून घ्यायचे, आणि ते ‘होय’चं मिटणं नसायचं. गावातल्या मेकॅनिकला बोलावलं. तो म्हणाला, बाई, इंजिन गेलंय, नाद सोडा. महिना मंगळवारी संपत होता. भाऊजींनी ट्रक ठरवल्याचा निरोप आला.

सोमवारी मी शाळेतून रजा घेतली, यांना शेजारच्या काकूंवर सोपवलं आणि अंबरनाथला गेले. भक्तीने नाही, भांडायला. इतक्या महिन्यांचं काय काय साठवून ठेवलं होतं. पण पायऱ्या उतरून त्या थंड, अंधाऱ्या गाभाऱ्यात बसले आणि एकही शब्द सुचेना. शेवटी एवढंच म्हटलं, ‘माझ्याने आता होत नाही. तू बघ.’ त्यात श्रद्धा किती होती ते मला माहीत नाही. दमलेपणच जास्त होतं. बेलाचं पानही नेलं नव्हतं.

बाहेर येऊन दगडी चौथऱ्यावर बसले. शेजारी एक वयस्क सिंधी गृहस्थ बसले होते, पांढरा पायजमा-कुर्ता, हातात कापडी पिशवी. ते माझ्या हातांकडे बघत होते. म्हणाले, ‘बेटी, ये ग्रीस है ना? गाडीचा काम करते?’ एरवी मी परक्या माणसाशी बोलले नसते. त्या दिवशी सगळं सांगितलं. यांचा आजार, जीप, बार, मंगळवारचा ट्रक. ते ऐकत राहिले. उल्हासनगरला कॅम्प पाचमध्ये राहत होते. तरुणपणी ट्रक आणि जीपा चालवल्या होत्या, दुरुस्तही केल्या होत्या. अंबरनाथला एका नातेवाइकाकडे आले होते, तर घराला कुलूप. म्हणून सावलीला इथे येऊन बसले होते. म्हणाले, ‘आज मला काय काम नाय. चलो, देखते हैं.’ वाटेत मी त्यांना दादा म्हणू लागले.

घरी आल्यावर मी यांची खुर्ची शेडमध्ये आणली. दादांनी जीपभोवती एक फेरी मारली आणि मला स्टार्टर दाबायला सांगितलं. बार निघाला. त्यांनी फक्त मान हलवली. मला वाटलं आता हत्यारं मागतील. पण त्यांनी एक स्टूल ओढला आणि यांच्या खुर्चीसमोर येऊन बसले. ‘साहेब, गाडी तुमची. तुम्ही बोला. मी बसलाय.’

यांनी तोंड उघडलं. ‘अ...’ मी लगेच पुढे सरसावले, तर दादांनी माझ्याकडे न बघताच हात वर केला. ‘बेटी, तू चूप बस.’

मी पायरीवर बसले. इतका वेळ गप्प बसणं मला आयुष्यात कधी जमलं नव्हतं. यांच्या कपाळावर घाम आला. ओठ वाकडे व्हायचे, आवाज फुटायचा, अर्ध्यात विरायचा. दादा तसेच बसलेले, गुडघ्यांवर हात ठेवून, जणू समोरचा माणूस व्यवस्थित बोलतोय आणि आपण ऐकतोय. शेजारच्या काकू डोकावून गेल्या. शेडच्या पत्र्यावरचं ऊन बाजूला सरकलं. किती वेळ गेला मी सांगू शकत नाही. मग यांनी डावा तळहात वर केला, सावकाश पालथा केला, आणि म्हणाले, ‘उ... उल... उलटं.’

झटका आल्यानंतरचा तो यांचा पहिला शब्द.

मी रडत होते, पण यांना त्याचं काही नव्हतं. हे बोटाने डिस्ट्रिब्युटरकडे दाखवत होते. त्यावरून चार वायरी चार प्लगांना जातात. मी जोडताना सगळ्या बरोबर उलट्या लावल्या होत्या, त्यामुळे ठिणगी नेमकी चुकीच्या वेळी पडत होती. यांच्या खुणेप्रमाणे मी प्रत्येक वायर काढून समोरच्या जागी लावली. स्टार्टर दाबला. इंजिन दोनदा खोकलं, थरथरलं आणि मग एका लयीत चालू झालं. यांनी डावा हात बॉनेटवर ठेवला आणि बराच वेळ काढला नाही.

फाटकापाशी मी दादांना विचारलं, ‘तुम्हाला आधीच कळलं होतं ना?’

‘पहिल्या आवाजालाच.’

‘मग सांगितलं का नाही?’

‘मी बोललो असतो तर गाडी चालू झाली असती. तेवढंच.’ त्यांनी पिशवी खांद्याला लावली. ‘माझ्या भावालाही असंच झालं होतं. आम्ही सगळे त्याच्या जागी बोलत राहिलो. तो जाईपर्यंत.’

मंगळवारी भाऊजी आले तेव्हा मी जीप अंगणातून रस्त्यावर काढून उभी केली होती. हे पुढच्या सीटवर बसले होते. भावाला बघून दुसरा शब्द आला, ‘बस.’ भाऊजी मागे चढले आणि ओंजळीत तोंड लपवून रडले. मी नीट गाडी चालवायला शिकले ती पुढच्या तीन महिन्यांत, यांच्या डाव्या हाताच्या इशाऱ्यांवर. काही दिवसांनी प्रसाद घेऊन कॅम्प पाचला दादांचं घर शोधून काढलं. त्यांनी चहा पाजला, यांची चौकशी केली, आणि मी त्या दिवसाबद्दल बोलू लागले तसा त्यांनी विषय बदलला.

हे पुढे नऊ वर्षं होते. बोलणं मोजकंच आलं, पण आलं. एका नातेवाइकाच्या दाराला त्या सोमवारी कुलूप नसतं तर काय झालं असतं, याचा मी खूप विचार केला. कुणी त्याला योगायोग म्हणेल. मी वाद घालत नाही. मला एवढंच ठाऊक आहे की ‘माझ्याने होत नाही’ हे मी त्या दिवशी पहिल्यांदा कबूल केलं, आणि मग गप्प बसायला शिकवणारा माणूस मला भेटला. त्याआधी मी देवाकडे मागत होते तेव्हाही मीच बोलत होते, चिडले तेव्हाही मीच. आता देवापुढे बसते तेव्हा फारसं काही म्हणत नाही. त्याला बोलायला वेळ देते.