सासूलाही सुई, सुनेलाही

"सिस्टर, नाकात फुस्स करायचं आणि पुढची. त्यात एवढं काय विचारायचं?" मॅनेजर बसवराज घड्याळ दाखवत म्हणाले.

मी म्हटलं, "फुस्स काय, तुम्हीपण कराल साहेब. विचारायचं काम माझं."

रांगेतल्या बायका हसल्या. सोलापुरात शाळेचे युनिफॉर्म शिवणारे कारखाने पुष्कळ, त्यातलाच हा एक. मागच्या थंडीत निम्म्या बायका फ्लूनं झोपल्या, म्हणून मालकांनी यंदा सगळ्यांना लस द्यायची ठरवलं. बायका सुईला भितात, म्हणून नाकात मारायचा फवारा मागवला. डॉक्टर मॅडमनी सोबत थोड्या सुयाही दिल्या होत्या. मी रिटायर झालेली नर्स, पण मॅडमनी हाक मारली की जाते. घरी बसून करू तरी काय!

आता हे नीट समजून घ्या. फ्लूच्या सुईत जिवंत विषाणू नसतो. फवाऱ्यातला असतो जिवंत, पण पार अशक्त केलेला. धडधाकट माणसाला तो बाधत नाही, उलट शरीराला लढायला शिकवतो. पण गरोदर बाईला तो देत नाहीत. मोठ्या आजारानं किंवा औषधांनी ज्याची प्रतिकारशक्ती खचलीय, त्याला नाही. दोन वर्षांच्या आतल्या बाळाला नाही, पन्नाशी गाठलेल्यालाही नाही. दमा असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाही. घरात जंतूंपासून अगदी वेगळं ठेवावं लागणारा पेशंट असेल, तर त्याची सेवा करणाऱ्यानंही घ्यायचा नाही. यातल्या बहुतेकांना सुई चालते. म्हणून आधी विचारायचं.

पहिल्या बाईला विचारलं, "दिवस गेलेत का?"

मागून एकजण ओरडली, "तिला काय इचारता, तिची नात कालिजात हाय की!"

मग काय, हसण्यावारीच गेलं सगळं. जिला विचारावं ती "न्हाय, न्हाय." मग आली सविता, ओव्हरलॉक मशीनवरची. तिच्या मागंच तिची सासू, महादेवीबाई, कानडी सीमेवरच्या दुधनीकडची. सविताही "न्हाय"च म्हणाली. पण म्हणताना तिचा हात ओढणीखाली पोटावर गेला.

मी फवारा खाली ठेवला. आपल्याकडं तीन महिने भरल्याशिवाय कुणी सांगत नाही. भर रांगेत, सासू मागं उभी, कोण खरं सांगणार? प्रश्न बरोबर होता, जागा चुकीची होती.

"साहेब, रांग थांबवा. मला पडदा पाहिजे."

"अहो, मशीन बंद आहेत सगळी!"

"मग लवकर बांधा."

कटिंग टेबलाजवळच्या कोपऱ्यात निळ्या शर्टिंगचं कापड आडवं बांधलं. सविताला आत घेतलं. "आता सांग माय."

पोरगी रडायलाच लागली. मागच्या वर्षी तिसऱ्या महिन्यात पोटातलं गेलं होतं. "सासूबाईंनी गल्लीभर पेढं वाटलं हुतं. मग त्यांनीच हाय खाल्ली, जेवत न्हवत्या. आवंदा तीन महिनं झाल्याबिगर त्यास्नी कळू द्यायचं न्हाय. मला फवाराच मारा. मी एकटीच सुई घिऊन भाईर गेले तर समद्यांना कळंल की!"

बोलली ते खरं होतं. एकटीच दंडावर कापूस धरून बाहेर आली असती तर दवंडीच पिटल्यासारखं.

"फवारा मिळणार नाही," मी म्हटलं. "आणि कुणाला कळणारही नाही. जा, रांगेत मागं उभी राहा."

मॅडमना फोन लावला. त्या म्हणाल्या, "गरोदर आहे ना? सुईच द्या."

"मग अजून सुया पाठवा. भरपूर."

"एवढ्या कुणाला?"

"पन्नाशीच्या बायकांना तशीही सुईच. आणखी ज्या मागतील त्यांनाही देते. एकीला झाकायला बाकीच्या लागतात मॅडम."

मॅडम हसल्या. "पाठवते."

सुया आल्यावर मी जाहीर केलं, "एकेक करून आत यायचं. कुणाला सुई, कुणाला फवारा, ते मी सांगणार. का, म्हणून विचारायचं नाही."

"का?" मॅनेजरसाहेब म्हणाले.

"साहेब, तुमचं वय?"

"बावन्न."

"तुम्हाला सुई. या आत."

बायकांनी टाळ्या पिटल्या. साहेब दंड चोळत बाहेर आले आणि सुईची भीती निम्मी गेली. दोघीतिघींनी आपणहून सुई मागितली.

मग आल्या महादेवीबाई. पडदा घट्ट ओढला आणि माझ्या कानाशी लागल्या. "सिस्टरबाई, माज्या सुनंला फवारा मारू नगा. फोडणीचा वास आला की पोरगी भाईर पळती. मला तवाच कळलं. पर मी बोलले म्हणून सांगू नगा. सासूची आस लागलीया म्हणून जीवाला घोर लावून घील. मागल्या डावाला लई सोसलंय तिनं."

मी म्हटलं, "मी सगळ्यांना विचारूनच देते. दंड पुढं करा."

"यव्वा!" त्या अशा ओरडल्या की मशीनपर्यंत ऐकू गेलं.

थोड्या वेळानं दोघी बाकावर शेजारी बसलेल्या, दोघींच्या दंडाला कापूस.

"तुला बी सुई?" सासू म्हणाली.

"व्हय. तुमाला बी?"

"माजं वय झालं की गं."

आणि दोघी कापूस टाकून कामाला लागल्या.

सविताला मुलगी झाली. दोघी पेढे घेऊन माझ्या घरी आल्या. नावं इथं बदललीत, नाहीतर पुढच्या खेपेला पेढे मिळायचे नाहीत. महादेवीबाई म्हणाल्या, "हिनं चौथ्या महिन्यात सांगितलं, तवा मी कशी दचकले, इचारा हिला."

"लई दचकल्या हुत्या," सविता म्हणाली.

मी पेढा अख्खाच तोंडात टाकला. तोंड भरलेलं असलं की बोलावं लागत नाही.

फवारा कुणाला द्यायचा नाही, हे लशीच्या खोक्यातल्या कागदावर छापलेलं असतं. माणूस ते कुणासमोर कबूल करेल, हे छापलेलं नसतं. आता लस द्यायला निघाले की पडद्याचं कापड मी घरूनच नेते.